विमान इंधनाच्या प्रकल्प अहवालावर सही करण्यापूर्वी : सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि कार्यकारी संचालक,
राज्यातील सहकारी साखर कारखाने

प्रत माहितीसाठी : पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, नागरी विमान वाहतूक मंत्रालय, राज्याचे साखर आयुक्त

सप्रेम नमस्कार.

इथेनॉलपासून विमानाचे इंधन, म्हणजे हल्ली ज्याला सगळे 'सॅफ' म्हणतात ते शाश्वत विमान इंधन, बनवण्याचे प्रस्ताव आता साखर कारखान्यांच्या बैठकांत येऊ लागले आहेत. ते का येताहेत हे आपल्याला सांगायला नको. २०२५-२६ च्या इथेनॉल वर्षासाठी तेल कंपन्यांची मागणी होती १,०५० कोटी लिटर. देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. वाटपात साखर उद्योगाच्या वाट्याला जेमतेम २८ टक्के आले, बाकी सगळे धान्याकडे गेले. व्याज-सवलत मिळते म्हणून डिस्टिलऱ्या वाढवल्या, सवलतीची पाच वर्षे संपत आली, हप्ते मात्र चालूच आहेत. अशा वेळी 'पेट्रोल नाही तर विमान' हे वाक्य कोणालाही गोड वाटेल.

आम्ही डिस्टिलरी, रिफायनरी आणि प्रकल्प-कर्ज या तीन कामांत असलेली मंडळी आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : आज कोणत्याही एका कारखान्याने स्वतःच्या ताळेबंदावर सॅफचा प्लांट उभारू नये. पण सॅफसाठी लागणारे, प्रमाणपत्र असलेले इथेनॉल पुरवण्याची तयारी मात्र याच हंगामात सुरू करावी. पहिल्या गोष्टीला दीड हजार कोटी लागतात आणि तिची किल्ली दिल्लीत आहे. दुसरीला त्या मानाने किरकोळ खर्च येतो आणि ती पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी हिशेब मांडू. वर्षाला ३०,००० टन सॅफचा प्लांट धरू. हा आकडा हवेतून घेतलेला नाही. इथेनॉलपासून जेट इंधन बनवणारा जगातला पहिला व्यापारी प्लांट, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला लान्झाजेटचा 'फ्रीडम पाइन्स', साधारण याच मापाचा आहे.

इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढले की एथिलीन उरते. ४६ किलो इथेनॉलमधून २८ किलो एथिलीन आणि १८ किलो पाणी. म्हणजे वजनाचा ३९ टक्के भाग पाणी होऊन निघून जातो, आणि हे रसायनशास्त्र आहे, कोणत्याही तंत्रज्ञान पुरवठादाराला त्यात सूट मिळत नाही. एक टन हायड्रोकार्बनसाठी पुस्तकी हिशेबाने १.६४ टन, म्हणजे सुमारे २,०८० लिटर इथेनॉल लागते. प्रत्यक्षात गळती आणि बाजूला निघणारे हलके-जड अंश धरून २,२०० लिटरच्या खाली हिशेब करू नये. प्रकल्प अहवालात यापेक्षा बराच कमी आकडा दिसला, तर तो टन सॅफचा आहे की टन एकूण मालाचा, हे पहिल्यांदा विचारा.

३०,००० टनांसाठी मग ६.६ कोटी लिटर इथेनॉल हवे. बी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर पूर्ण न काढता घेतलेल्या मळीच्या, मार्गाने टन उसामागे २० लिटर धरले तर ३३ लाख टन ऊस. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला तर सहा लाख टन गाळतो, आणि अलीकडे १२० दिवस गाठतानाच दमछाक होते. म्हणजे एका छोट्या सॅफ प्लांटला पाच-सहा चांगल्या कारखान्यांची सगळी बी-हेवी मळी लागेल, दरवर्षी, न चुकता. राज्याचे साखर उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे ११० लाख टन होते, पुढच्याच हंगामात ते ८१ लाखांच्या आसपास आले. बँकेचा तंत्र-सल्लागार हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवूनच बोलायला सुरुवात करतो.

आता पैसे. बी-हेवी इथेनॉलचा दर लिटरला ६०.७३ रुपये. गुणिले २,२०० म्हणजे टन सॅफमागे १ लाख ३३ हजार रुपये केवळ कच्च्या मालाचे. प्लांटची किंमत १,५०० कोटी धरू, ७० टक्के कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांचे समान वार्षिक हप्ते. वर्षाचा हप्ता १७१ कोटी, टनामागे ५७ हजार. उरलेल्या ४५० कोटींच्या भांडवलावर १५ टक्के परतावा धरला तर आणखी साडेबावीस हजार. वीज, वाफ, हायड्रोजन, कॅटलिस्ट (उत्प्रेरक), माणसे आणि प्रमाणपत्र मिळून वीस हजार धरू. बेरीज २ लाख ३३ हजारांच्या पुढे जाते. प्लांटची किंमत आणि चालू खर्च ही आमची गृहीतके आहेत, ती बदलून पाहा. इथेनॉलची ओळ मात्र फारशी बदलत नाही.

समोर साधे जेट इंधन काय भावाने आहे? पिंपाला ९० डॉलर धरले तरी टनाला ७०० डॉलरच्या थोडे वर, म्हणजे साठ हजार रुपये. इथेनॉलचा कच्चा मालच तयार जेट इंधनाच्या दुप्पट महाग आहे. प्लांट फुकट मिळाला तरी धंदा बसत नाही.

टनामागची तूट पावणेदोन लाखांच्या घरात, म्हणजे एका प्लांटची वर्षाची तूट ५२५ कोटी. केंद्राच्या प्रगत जैवइंधनांसाठीच्या 'जी-वन' योजनेत एका प्रकल्पाला व्यवहार्यता तफावत निधी म्हणून जास्तीत जास्त १५० कोटी मिळतात. साडेतीन महिन्यांची तूट भागेल. योजना वाईट नाही, पण ती प्लांट उभारण्याच्या खर्चाला हात लावते आणि इथे रोग रोजच्या विक्रीचा आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती कर्जाच्या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही. व्याजदर एक टक्क्याने उतरला तर टनामागे सुमारे २,४०० रुपये वाचतात. इथेनॉल लिटरला एक रुपयाने उतरले तर २,२०० वाचतात. म्हणजे इथेनॉलचा एक रुपया आणि व्याजाचा एक टक्का यांचे वजन जवळपास सारखे. पण प्लांट पूर्ण क्षमतेऐवजी ६० टक्क्यांवर चालला, तर भांडवलाचा बोजा टनामागे ७९,५०० वरून १ लाख ३२ हजारांवर जातो. ५३ हजारांचा फटका, म्हणजे व्याजाच्या बावीस टक्क्यांएवढा. आपण सगळे व्याज-सवलतीसाठी दिल्लीच्या वाऱ्या करतो. खरा पैसा प्लांट वर्षात किती दिवस चालतो यात आहे.

आणि तो नव्या तंत्राचा प्लांट पहिल्या वर्षी चालत नाही, हा जगाचा अनुभव आहे. फ्रीडम पाइन्सचे उद्घाटन २४ जानेवारी २०२४ ला झाले. प्रमाणित जेट इंधन निघाल्याचे जाहीर व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यामागे मोठे गुंतवणूकदार होते म्हणून मधले दिवस निभावले. नेवाडातल्या फुल्क्रमने शहरी कचऱ्यापासून डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम कच्चे तेल काढून दाखवले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शेलने रॉटरडॅमला वर्षाला ८.२ लाख टनांचा प्लांट २०२१ मध्ये मंजूर केला, जुलै २०२४ मध्ये काम थांबवले, सप्टेंबर २०२५ मध्ये सोडूनच दिला. शेलसारख्या कंपनीला अर्धवट प्लांटवर पाणी सोडणे परवडते. सभासदांच्या भागभांडवलावर उभ्या असलेल्या कारखान्याला परवडणार नाही. थकहमी सरकारची असली तरी तोट्याचा पहिला घास उसाच्या बिलातूनच जातो. म्हणून एक विनंती वेगळ्याने : सॅफसाठी उसाच्या बिलातून परतीची वा बिनपरतीची कोणतीही ठेव कापू नका.

प्लांट कुठे अडतो, हे तपशिलात सांगतो, कारण याचा संबंध थेट आपल्या डिस्टिलरीशी आहे. पहिल्या टप्प्यात इथेनॉलची वाफ साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास ॲल्युमिनासारख्या आम्लधर्मी कॅटलिस्टवरून जाते आणि एथिलीन होते. दुसऱ्यात एथिलीनचे छोटे रेणू जोडून आठ ते सोळा कार्बनच्या साखळ्या करतात. तिसऱ्यात हायड्रोजन देऊन त्या स्थिर करतात. टनामागे बारा किलोच्या आसपास हायड्रोजन पुरतो, म्हणजे आपल्या ३०,००० टनी प्लांटला दिवसाला एक टन. मग ऊर्ध्वपातनाने जेट आणि डिझेल वेगळे करतात.

या साखळीला विष चालत नाही, आणि विष आपल्याकडूनच जाते. आपले बहुतेक कारखाने सल्फिटेशन पद्धतीचे, म्हणजे गंधकाच्या वायूने रस शुद्ध करणारे, त्यामुळे मळीतून गंधकाची संयुगे येतात. आंबवणीत यीस्टसाठी युरिया आणि डीएपी टाकतो. नत्राची उडून जाणारी संयुगे स्पिरिटमध्ये आली की कॅटलिस्टच्या आम्ल जागा बंद पडतात. फेस मारायला सिलिकॉनचे अँटिफोम वापरले तर सिलिकॉन वाहून जाऊन कॅटलिस्टवर बसतो, आणि तो धुऊन निघत नाही. फ्यूजल तेल आणि ॲल्डिहाइड नीट काढले नाहीत तर पुढच्या टप्प्यात नको ती ऑक्सिजनयुक्त संयुगे तयार होतात. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला यातले काहीच फारसे नडत नाही, म्हणून आपल्या प्रयोगशाळा ते तपासतही नाहीत. तंत्रज्ञान पुरवठादाराकडून गंधक, नत्र, सिलिकॉन आणि सोडियम या चारांच्या मर्यादा लेखी घ्या आणि आपल्या स्पिरिटचे नमुने निदान एका पूर्ण हंगामाचे तपासून ठेवा. महिन्यातून एकदा तपासून भागत नाही. सी-हेवीवरून बी-हेवीवर किंवा थेट रसावर बदल केला की आकडे बदलतात.

यात एक आनंदाची बातमीही आहे. एथिलीन बनवताना मुळात पाणीच बाहेर पडते, त्यामुळे त्या प्लांटला ९९.६ टक्क्यांचे निर्जल इथेनॉल लागत नाही. ९५ टक्क्यांचे रेक्टिफाइड स्पिरिट चालते. मॉलिक्युलर सीव्हचा, म्हणजे उरलेले पाणी काढण्याचा, टप्पा वगळता आला तर लिटरमागे सुमारे अर्धा किलो वाफ वाचते. करारात मात्र हे नेमके लिहायला हवे : पाण्याचे प्रमाण, पैसे लिटरवर नव्हे तर शंभर टक्के अल्कोहोलच्या वजनावर, आणि विकृतीकरण (पिण्यास अयोग्य करणे) कोणत्या द्रव्याने करायचे किंवा करायचेच नाही. उत्पादन शुल्क विभाग विकृतीकरण मागेल, कॅटलिस्ट त्याला नकार देईल. हा पेच प्लांट उभा राहिल्यावर सोडवत बसण्यात अर्थ नाही.

प्लांट कुठे असावा यावर आमच्यातही एकमत व्हायला वेळ लागला. कारखान्याच्या आवारात बगॅसची, म्हणजे गाळपानंतर उरलेल्या चिपाडाची, वाफ आणि वीज आहे, हा मोठा मोह. पण तयार सिंथेटिक केरोसीन साध्या जेटमध्ये मिसळल्याशिवाय विमानात जात नाही, मिश्रणाची प्रत्येक खेप प्रमाणित करावी लागते, आणि या मार्गाच्या इंधनाची मिश्रण मर्यादा ५० टक्के आहे. त्यासाठी वेगळ्या टाक्या, फक्त जेटसाठी राखलेले टँकर, विमान इंधनाची प्रयोगशाळा लागते. आधी बायोडिझेल वाहिलेल्या टँकरमध्ये उरलेला अंशसुद्धा खेप नापास करू शकतो. मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे. इथेनॉलचे टँकर तर आजही आपल्याकडून तेल कंपन्यांच्या डेपोत जातातच. म्हणून आमचा कौल मुंबईजवळच्या माहुल-उरण पट्ट्याला : रिफायनऱ्या, बंदर, हायड्रोजन आणि दोन विमानतळ जवळ. पाच-सहा कारखान्यांनी मिळून तिथल्या एका प्लांटला पुरवठा करावा, त्यात जमल्यास अल्प भाग घ्यावा, बहुमत तेल कंपनीचे असावे. बगॅसची वाफ गमावल्याने कार्बनचा आकडा थोडा बिघडेल, हे खरे आहे.

कार्बनच्या आकड्याकडे आता येतो, कारण सॅफमध्ये विकला जाणारा माल अर्धा इंधन आणि अर्धा कागद असतो. आंतरराष्ट्रीय विमान उड्डाणांच्या कार्बनची भरपाई करायला लावणारी 'कॉर्सिया' योजना भारतासाठी २०२७ पासून बंधनकारक होते. तिच्या हिशेबात साध्या जेटचे कार्बन उत्सर्जन मेगाज्यूल ऊर्जेमागे ८९ ग्रॅम धरतात आणि सॅफने त्यात किमान १० टक्के घट दाखवायला हवी, म्हणजे ८०.१ च्या खाली. ब्राझीलच्या उसापासून इथेनॉलमार्गे बनलेल्या जेटचे प्रमाणमूल्य ३३ च्या आसपास धरले गेले. अमेरिकेच्या मक्याचे ९०.८, म्हणजे चक्क नापास. धान्यवाल्यांनी पेट्रोलच्या बाजारात आपल्याला मागे टाकले, पण इथे उसाची बाजू भक्कम आहे. ती टिकवायची की घालवायची हे आपल्या बॉयलरवर ठरते.

हंगामात बगॅस असतो, तेव्हा काही प्रश्न नाही. हंगाम संपल्यावर मळीवर डिस्टिलरी चालते तेव्हा स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, जाळणाऱ्या इन्सिनरेशन बॉयलरला आधार-इंधन म्हणून कोळसा घालतो. तो कोळसा प्रत्येक लिटरच्या नावावर चढतो. स्पेंट वॉश उघड्या लगूनमध्ये साठला तर मिथेन जातो. शेतात पाचट जाळले, युरिया जास्त पडला, ऊस लांबून आणला, सगळे त्या आकड्यात येते. बगॅस विकून कोळसा घेणारे कारखाने आहेत. सॅफच्या हिशेबात तो सौदा उलटा पडेल. बगॅस राखून ठेवा, आणि कोळशाच्या प्रत्येक ट्रकची वजनपावती जपा, कारण लेखापरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो.

आयएससीसी किंवा आरएसबी या प्रमाणन व्यवस्थांच्या कॉर्सिया प्रमाणपत्रासाठी शेत पातळीपर्यंत माग लागतो. १ जानेवारी २००८ नंतर जंगल किंवा पाणथळ जमीन मोडून ऊस लावलेला नाही हे दाखवावे लागते. शेतकऱ्यांचे गट-प्रमाणन करता येते. तपासणीचा नमुना साधारण सभासदसंख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे बारा हजार ऊस उत्पादकांमागे ११० च्या आसपास शेते, जोखीम जास्त वाटली तर त्याहून अधिक. आपल्याकडे सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे, गटवार ऊस नोंद आहे, तोडणी-वाहतुकीच्या पावत्या आहेत. जगातल्या फार थोड्या ऊस पट्ट्यांकडे इतका कागद आहे. तो एका जागी, एकाच शेतकरी क्रमांकाने जोडलेला नाही, एवढीच अडचण. शेतकी अधिकारी आणि संगणक विभाग मिळून एका हंगामात हे काम उरकू शकतात. यासाठी कोणत्याही कर्जाची गरज नाही.

युरोपचा भाव मोठा दिसतो म्हणून निर्यातीची स्वप्ने दाखवली जातील. युरोपीय संघाच्या नियमात अन्न आणि चारा पिकांपासूनचे इंधन सॅफच्या बंधनात मोजलेच जात नाही. थेट रसापासूनचे इथेनॉल तिथे बाद. मळीचे वर्गीकरण कोणत्या योजनेत काय होते, हे प्रमाणन संस्थेकडून लेखी घेतल्याशिवाय निर्यातीचा एक रुपयाही अहवालात धरू नका.

मग भारतात कोण घेणार? केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. हे लक्ष्य सूचक आहे. न पाळल्यास दंड किती, कोणाला, कोण वसूल करणार, यातले काही ठरलेले नाही. बँकेच्या मंजुरी टिपणात 'सूचक' शब्दाची किंमत शून्य असते. ब्रिटनने २०२५ पासून २ टक्के बंधन घातले आणि जो पुरवठादार ते पाळणार नाही त्याला लिटरमागे ४.७० पौंड भरायला लावले. युरोपात दंड हा सॅफ आणि साध्या इंधनाच्या दरातील फरकाच्या दुपटीहून कमी नाही. असा दंड हा एक प्रकारे हमीभावच असतो, कारण त्याच्या आत मिळणारे सॅफ घेणे पुरवठादाराला परवडते.

विमान कंपन्या स्वखुशीने घेतील असे कोणी म्हणाले तर हा हिशेब दाखवा. टन सॅफमुळे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. पावणेदोन लाखांची तूट त्यावर वाटली तर टन कार्बनची किंमत सत्तर हजार रुपये, म्हणजे आठशे डॉलरच्या वर. कॉर्सियात मान्य असलेले कार्बन एकक वीसेक डॉलरला मिळते. कोणता वित्त प्रमुख सॅफ घेईल?

शिवाय पहिला टक्का आपल्या हाती लागणारच नाही. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून सॅफ बनवण्याचे कॉर्सिया प्रमाणपत्र ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाले. क्षमता वर्षाला ३५,००० टन, आणि २०२७ च्या एका टक्क्याला ती पुरेल असे कंपनीचेच म्हणणे आहे. तिथे जुन्याच रिफायनरी युनिटमध्ये कच्च्या तेलाच्या अंशाबरोबर खाद्यतेल प्रक्रिया होते, भांडवल थोडे लागते. इथेनॉलचे सॅफ त्या भावाला टिकणार नाही. खाद्यतेल गोळा करण्याला मात्र मर्यादा आहे. ५ टक्के त्यातून भागणार नाहीत. इथेनॉलची पाळी २०२८ ते २०३० दरम्यान येईल. त्यामुळे घाई नको, पण तयारीला हे दोन-तीन हंगामच आहेत.

आता ज्यांना प्रत पाठवली आहे त्यांच्याकडे काय मागायचे ते. ही मागणी कारखान्यांनी एकत्र करावी, सुटी निवेदने देऊन काही होत नाही.

सगळ्यात आधी, विक्रीच्या भावाची हमी देणारा करार. सौरऊर्जेत सेकी या सरकारी कंपनीने मध्ये उभे राहून दीर्घ मुदतीचे करार केले आणि कर्जाचा प्रश्न सुटला. सॅफसाठी तसाच मध्यस्थ नेमा. प्लांटने लिलावात ठरलेला भाव घ्यावा, बाजारभाव कमी असेल तर फरक मध्यस्थाने द्यावा, जास्त असेल तर प्लांटने परत करावा. ब्रिटन याच पद्धतीची महसूल-हमी आणत आहे आणि तिचा खर्च इंधन पुरवठादारांवरील आकारातून काढणार आहे, सरकारी तिजोरीतून नाही. आपल्याकडे १ टक्का मिश्रणाने टन जेटमागे वाढ होते सुमारे १,७५० रुपयांची. दर महिन्याच्या १ तारखेला विमान इंधनाचे भाव बदलतात तेव्हा यापेक्षा मोठे चढउतार विमान कंपन्या सहन करतात. ५ टक्क्यांवर ही वाढ ८,७५० होते, तेव्हा जाणवेल, आणि ते प्रवाशांना आधीच सांगितलेले बरे. कराराची मुदत कर्जापेक्षा निदान दोन वर्षे जास्त हवी. कर्ज दहा वर्षांचे आणि करार पाच वर्षांचा, असा कागद घेऊन कोणत्याही बँकेत जाऊ नये.

दुसरे, इथेनॉलचा भाव एफआरपीशी, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराशी, बांधा. २०२२-२३ मध्ये एफआरपी क्विंटलला ३०५ होती, २०२५-२६ मध्ये ३५५ झाली. थेट रसाच्या इथेनॉलचा दर मात्र तेव्हापासून ६५.६१ वरच थांबला आहे. टन उसातून ७० लिटर धरले तर या वाढीचे लिटरमागे सात रुपये होतात. दहा वर्षांच्या करारात हे कलम नसेल तर कारखाना चौथ्या वर्षी पुरवठा थांबवेल, प्लांट बंद पडेल आणि दोघेही बुडतील. चौदा दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा कायदा कोणत्याही सॅफ करारापुढे वाकत नाही.

तिसरे, ७ डिसेंबर २०२३ सारख्या आदेशापासून संरक्षण. साखर कमी पडेल म्हणून त्या दिवशी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली आणि हंगामाच्या मध्यावर डिस्टिलऱ्यांची गणिते कोलमडली. साखरेचा भाव सांभाळणे सरकारचे काम आहे, त्यावर वाद नाही. पण सॅफच्या करारातले इथेनॉल अशा बंदीतून वगळल्याचे अधिसूचनेत आले नाही, तर परकी काय आणि देशी काय, कोणताही कर्जदाता टिकणार नाही. वगळायचे नसेल तर बंदीच्या काळातला हप्ता कोण भरणार ते लिहा.

चौथे, कर. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तेल कंपन्यांना दिलेल्या इथेनॉलला ५ टक्के जीएसटी आहे. सॅफसाठीच्या इथेनॉलला ती सवलत लागू नाही, आणि १८ टक्के लागला तर टन सॅफमागे चोवीस हजार रुपये होतात. जेट इंधन जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे हा कर पुढे वळताही होत नाही. वर सांगितलेल्या मापाने पाहिले तर हा व्याजाच्या दहा टक्क्यांएवढा बोजा आहे, आणि एका अधिसूचनेने निघू शकतो. राज्यापुरते सांगायचे तर मुंबई, पुणे, रायगडात विमान इंधनावरचा मूल्यवर्धित कर २०२३ मध्ये २५ वरून १८ टक्क्यांवर आला. तो किमतीवर आहे. जिथे तो लागू होतो तिथे साठ हजारांच्या इंधनावर १०,८०० आणि सव्वादोन लाखांच्या सॅफवर चाळीस हजारांच्या वर, म्हणजे स्वच्छ भागावर चौपट कर. मिश्रणातल्या सॅफच्या भागापुरता तो माफ करावा किंवा लिटरवर बसवावा. आज राज्यात सॅफची विक्री नगण्य असल्याने यात राज्याचा एक रुपयाही बुडत नाही.

हे चारही कागद हातात येईपर्यंत प्लांटवर सही नको. दरम्यान एखादा सल्लागार अहवाल घेऊन आलाच, तर त्याला एवढेच विचारा : टन सॅफला किती लिटर इथेनॉल, ते कोणत्या प्लांटमध्ये सलग किती दिवस सिद्ध झाले, पहिल्या दीड वर्षाचे व्याज कोणत्या निधीतून, ठेकेदार पूर्ण प्लांटची एकत्रित हमी देतो की तुकड्या-तुकड्यांची, क्षमता गाठली नाही तर दंड किती आणि तो कर्जाच्या किती हप्त्यांएवढा. हमी तुकड्यांची असेल तर बिघाडानंतर यंत्रवाला कॅटलिस्टवाल्याकडे बोट दाखवतो, कॅटलिस्टवाला तुमच्या स्पिरिटकडे. तुमच्याकडे स्पिरिटचे हंगामभराचे अहवाल नसतील तर दोष तुमच्याच गळ्यात पडेल.

पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीसाठी तीन ठरावांचे विषय पुरेत : स्पिरिटच्या नियमित तपासणीला मंजुरी, ऊस नोंद आणि सातबारा एका क्रमांकाने जोडण्याचे काम, आणि बिगरहंगामी कोळशाऐवजी बगॅस राखून ठेवण्याचा खर्च-हिशेब. शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी हेच ठराव केले तर त्यांचे आकडे एकत्र करून तेल कंपनीसमोर ठेवता येतील. नमुना ठराव आणि वरच्या हिशेबाचा तक्ता मागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आम्ही देऊ; गृहीतके बदलून तो आपल्या लेखापालांकडूनच चालवून घ्यावा.

आपले,
डिस्टिलरी, रिफायनरी आणि प्रकल्प-वित्त क्षेत्रांतील काही अभियंते व सल्लागार